चौतीस नावांची काठी

श्यामराव डोंगरवारांना रजिस्टरातली कोरी जागा सहन होत नसे. भिलाईच्या प्लांटात टाइम ऑफिसात वीस-बावीस वर्षं घासलेला माणूस. कुणा कामगाराच्या हजेरीत एक रकाना रिकामा दिसला, की त्याला शोधून काढून ‘त्या दिवशी तू होतास कुठे’ हे विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणसाला चार शिव्या हासडून मोकळं तरी होता येतं. ह्यांना तेवढंही करता येत नाही, म्हणून ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा जीव नुसता चडफडतो.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात त्यांच्या कानावर आलं, की प्लांटाजवळच्या रुआबांधा वस्तीत सुखराम मेंढे नावाचा एक म्हातारा बैगा, म्हणजे मांत्रिक, मंत्रतंत्राची शाळा चालवतो. सुखराम मूळचा आमगावकडचा. प्लांट उभा राहत होता तेव्हा शेती भावांवर टाकून इकडे आला आणि कोक ओव्हनच्या धगीत आयुष्य काढून निवृत्त झाला. त्याच्या अंगणात हरेलीच्या, म्हणजे आषाढातल्या अवसेला शाळा भरायची आणि ऋषिपंचमीला सुटायची. पहिली शिफ्ट करून आलेले सात-आठ कामगार हातपाय धुऊन पोत्यांवर मांडी घालून बसायचे. आणि शिकायचं काय? मंत्र? नाव नको. पहिली दोन वर्षं नुसता काठीचा इतिहास!

काठी तेंदूच्या गाभ्याची, काळी कुळकुळीत, हातभर लांब. सापाचं विष उतरवायची. ती कुठल्या जंगलातून आली, कुणी तोडली, कुणाकडून कुणाच्या हातात गेली आणि कुणी कुठल्या गावात कुणाला उठवून बसवलं, हे विद्यार्थ्याला ओळीनं म्हणता आलं पाहिजे. आधी काठीचं खानदान, मग तिची जादू, असा सुखरामचा शिरस्ता होता. श्यामरावांना हा शिरस्ता इतका आवडला, की त्याच आठवड्यात ते दोनशे पानी वही घेऊन पोत्यावर जाऊन बसले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांना निबंध वाचायचा होता. विषयही ठरला होता: ‘जादूची कांडी, इतिहास आणि संस्कृती’.

“दिवसभर प्लांटातलं मस्टर, संध्याकाळी मेलेल्या बैगांचं मस्टर,” त्यांची बायको प्रेमला म्हणाली. “तुमाले घरातल्या माणसांची हजेरी कधी घ्यायची असते जी?”

श्यामराव हसले आणि गेले. शिकायला बसलेल्या नवऱ्यापुढे कोणत्या बायकोचं चाललंय?

सुखरामची कामाची रीत मात्र बघण्यासारखी होती. साप चावलेलं माणूस आणलं, की तो काठी पाण्यात बुडवायचा, त्या माणसाच्या पायाला लावायचा आणि एक नाव घ्यायचा. पुन्हा पाणी, पुन्हा पाय, पुन्हा नाव. अशी नऊ नावं. नावं पुरी होईतो माणसाला जागचं हलवायचं नाही, हा नियम. मध्येच खंड पडला तर पहिल्यापासून, हाही नियम. आणि नावं पुरी झाली, की काठीवाला सांगेल ते निमूट ऐकायचं, हा सर्वांत मोठा नियम. दहा मिनिटांत नऊ नावं संपायची आणि सुखराम काठी उगारून गरजायचा, “आता उचला याले! सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात न्या! पळा!” तोवर रडणाऱ्यांचं रडणं थांबलेलं असायचं, दहा जणांची दहा मतं गप्प झालेली असायची, आणि माणूस अकराव्या मिनिटाला मोटारीत असायचा. कितीतरी जण अशानं वाचले. श्यामरावांनी हे सगळं वहीत टिपलं, पण एका ओळीत, पानाच्या तळाशी. त्यांचा डोळा नावांवर होता.

नऊ नावांत त्यांना भोकं दिसायला लागली होती.

“सुखरामजी, हा चौथा फागू आणि हा पाचवा मंसाराम. दोघांमध्ये साठ वर्षं कोरी आहेत. मधे कुणीतरी असलंच पाहिजे.”

“असल ना जी,” सुखराम विडी झटकत म्हणाला. “पण मले बापानं नऊच सांगतले. कामाले नऊ पुरते.”

“पुरतात कसे? इतिहास आहे हा!”

“मंग शोधा तुमी. मी कावून नाही म्हणू?”

झालं. श्यामरावांनी दोन उन्हाळे, साठवलेली सगळी रजा त्या भोकांवर घातली. आमगाव, सालेकसा, देवरी. बसच्या टपावर बसून गेले, म्हाताऱ्यांच्या पाया पडले, न्हाव्यांना चहा पाजला, एका गावात कुत्रं चावून घेतलं. परत आले तेव्हा नऊची चौतीस झाली होती. नव्या पंचवीसमधली वीस नावं कुणी ना कुणी सांगितलेली होती. उरलेली पाच, कोरी जागा डोळ्यांना टोचू नये म्हणून, श्यामरावांनी एका दुपारी शेंगदाणे खात बसून तर्कानं भरली. प्रत्येकाला एक गाव दिलं, प्रत्येकाच्या हातून एक माणूस वाचवला. त्यात लबाडी नव्हती. इतकी वर्षं कोणीतरी काठी धरली असणारच की, मग त्याला नाव दिलं तर बिघडलं काय, असं त्यांना मनापासून वाटलं.

हरेलीच्या संध्याकाळी त्यांनी ती चौतीस नावं शाळेत वाचून दाखवली. सुखरामच्या हातातली विडी विझून गेली. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत तो म्हणाला, “माझे इतके बाप होते काय जी? आन् मी नऊच घेऊन जगत होतो.” त्या दिवसापासून शाळेत चौतीस नावांचा पाठ सुरू झाला. दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली, हे कुणी घड्याळ लावून पाहिलं नाही. वेळेचा हिशोब ठेवणं हा ज्याचा धंदा, त्यानंही नाही.

एकीनं मात्र पाहिलं. सुखरामची मुलगी मनकर्णा दाराच्या उंबऱ्याशी भाजी चिरत बसलेली असायची. बाईमाणसाला शाळेत बसायची मुभा नव्हती, पण कानाला कोण कुलूप लावणार? बापाला नाव आठवेना झालं, की विळीवरून नजर न उचलता ती पुटपुटायची. तिचा नवरा गुलाब रोलिंग मिलमध्ये खलाशी, म्हणजे ओझी हलवणारा मजूर, होता आणि शाळेचा विद्यार्थी. त्याला बावीस नावं येईपर्यंत हिला चौतीस पाठ झाली होती.

“काका,” ती एकदा श्यामरावांना म्हणाली, “इतकी नावं घेतोपर्यंत साप आपल्या घरी जाऊन जेवून येईन.”

अंगणभर हशा झाला. श्यामराव सर्वांत मोठ्यानं हसले, आणि घरी येऊन त्यांनी ते प्रेमलाला सांगितलंसुद्धा. पोरगी चलाख आहे म्हणाले.

त्र्याऐंशीला मंडळाच्या स्मरणिकेत निबंध छापून आला. चौतीस नावं, गावांसकट. गुलाबनं ते पान कापून खळीनं सुखरामच्या ओसरीच्या भिंतीवर चिकटवलं. त्याच पावसाळ्यात एक माणूस साप चावला म्हणून आणला. चाळीस मिनिटं नावं चालली, माणूस उठून चालत घरी गेला. साप धामण होता, विषारी नव्हताच. पण लोक म्हणाले, चौतीस नावांचा गुण.

पुढच्या उन्हाळ्यात सुखरामला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता काठी कुणाकडे? रीत अशी, की हरेलीला जो न अडखळता सगळी नावं म्हणेल त्याच्या हाती काठी. मंत्र कुणाला येतो, हात कुणाचा चांगला, हे विचारत नाहीत. गुलाब तेविसाव्याला अडकला. बाकीचे त्याच्याही आधी. श्यामराव अडखळणार कसे? त्यांचीच लेकरं ती. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं काठी उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि सगळं अंगण त्यांच्या पाया पडलं. नाही म्हणायची वेळ तीच होती. पण टाइम ऑफिसात बावीस वर्षांत त्यांच्या पाया कुणी पडलं नव्हतं.

“तुमाले मंत्र येते काय?” प्रेमलानं विचारलं.

“मंत्र नाही येत.”

“मंग काय येते?”

“इतिहास येतो,” श्यामराव म्हणाले आणि काठी कपाटावर ठेवली.

महिनाही झाला नव्हता. रविवार होता, सकाळचे दहा वाजत आले होते, श्यामराव दाढीला बसले होते. गुलाब सायकल टाकून धावत आत आला.

“काका, चला! मनकर्णेले नाग चावला. गोवऱ्या काढाले गेली होती. मनगटाले.”

श्यामराव ब्रश घेऊनच उठले. “अरे मग हॉस्पिटलात न्यायचं! इथे काय करतोस?”

“काठी तुमच्यापाशी आहे ना काका.”

तोंडावरचा फेस पुसून त्यांनी काठी घेतली, शेजाऱ्याला मेटॅडोर काढायला सांगितलं आणि स्कूटरला किक मारली. वाटेत त्यांनी ठरवलं होतं. नऊ नावं घ्यायची, भरभर घ्यायची, आणि हाकलायचं तिला हॉस्पिटलात. सुखराम करायचा तसंच.

अंगणात पन्नास माणसं होती. मनकर्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, मनगट धरून. शेजारी खाटेवर सुखराम. मेटॅडोर मागोमाग येऊन दारात उभी राहिली, इंजिन चालूच. श्यामराव तिच्यासमोर बसले. तिच्या पापण्या झोप आल्यासारख्या जड झाल्या होत्या.

“काका,” ती हळूच म्हणाली, “बाबाची नऊच घ्या. बाकीचे राहू द्या.”

“हो बेटा. नऊच.”

काठी पाण्यात, काठी पायाला, नाव. त्यांनी जीव खाऊन नऊ नावं म्हटली. सात मिनिटांत संपवली. मग उठून काठी उगारली आणि सुखरामसारखं ओरडले, “झालं! उचला तिला! गाडीत घाला!”

ठक. ठक. ठक.

खाटेच्या लाकडावर सुखरामची डावी मूठ आपटत होती. बोलता येत नव्हतं, पण डोळे फाडून तो मान हलवत होता. नाही. नाही. अर्धवट नाही. ज्याची एकुलती एक मुलगी पुढ्यात निळी पडत होती, त्या बापाला तिच्यासाठी सगळेच्या सगळे बाप हवे होते. त्याला दोष कोण देणार?

“काका, पंचवीस राहिले,” गुलाब म्हणाला.

“नऊ पुरतात रे! तुझा सासरा नऊच घ्यायचा!”

“तवा माहीत नव्हते ना. आता माहीत आहे, तर सोडायचे कसे?”

“ती माझी नावं आहेत, गुलाब! मी घातली ती. पाच तर मी घरी बसून रचली, खोटी आहेत!”

मागून एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, “घाबरले जी बाबू. पहिली खेप आहे.” आणि गुलाबनं भिंतीकडे बोट दाखवलं. “छापलेलं आहे ना काका. छापलेलं खोटं असते काय?”

आयुष्यभर श्यामराव हेच तर लोकांना सांगत आले होते, की कागदावर आहे ते खरं. त्यांनी काठी टाकली आणि मनकर्णेला उचलायला ते स्वतः वाकले. चार जणांनी त्यांचे दंड धरले. कुणी धक्का दिला नाही, कुणी वावगा शब्द बोललं नाही. एक जण तर धरता धरता पाया पडत होता. “असं नका करू जी. अर्ध्यावर हलवलं तर विष चढते. तुमीच लिहिलं आहे.” दारात मेटॅडोरवाल्यानं हॉर्न वाजवला, तर त्यालाच लोक रागे भरले. मनकर्णेनं काही बोलायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर अडकला आणि नुसता घरघरता आवाज आला.

श्यामरावांना रडू फुटलं. भर अंगणात, पन्नास माणसांपुढे, पंचावन्न वर्षांचा माणूस ओक्साबोक्शी रडला. पण रडून नावं कमी होत नव्हती. तिला गाडीत घालायची एकच वाट उरली होती आणि ती वाट त्यांनीच दोन उन्हाळे खपून लांब करून ठेवली होती. त्यांनी काठी उचलली.

“पहिल्यापासून घ्या काका,” गुलाब म्हणाला. “खंड पडला.”

पहिल्यापासून. काठी पाण्यात, काठी पायाला, नाव, गाव, कुणाला वाचवलं. मनकर्णेचे डोळे मिटले होते, पण ओठ हलत होते. नावं म्हणत होती ती, त्यांच्याबरोबर, पोरगी मदत करत होती! श्यामरावांनी अकरावं गाळून बारावं घेतलं. ठक, खाटेवर मूठ पडली. अकरावं घेतलं. नशीब, पुन्हा पहिल्यापासून कुणी म्हणालं नाही. पंधराव्याला तिचे ओठ थांबले. छाती भात्यासारखी वर ओढली जात होती आणि मधेच विसरल्यासारखी थांबत होती.

एकोणिसाव्यापासून त्यांची स्वतःची पाच आली. “बकाराम, सालेकश्याचा, ज्यानं पाटलाच्या सुनेला उठवून बसवलं.” कसला बकाराम आणि कुठली सून? ती सून त्यांनी शेंगदाण्याची टरफलं फुंकता फुंकता जन्माला घातली होती, आणि आता तिला उठवून बसवायला खऱ्या पोरीचं एक मिनिट जात होतं. अंगणातली माणसं प्रत्येक नावाला हात जोडत होती. श्यामरावांचा आवाज बसला. कुणीतरी त्यांना पाणी पाजलं, तेवढाही वेळ गेला. इतके असहाय ते जन्मात कधी झाले नव्हते. त्यांच्याच हातात काठी होती, सगळे त्यांचं ऐकायला उभे होते, आणि एकही माणूस त्यांचं ऐकत नव्हता.

चौतिसावं नाव सुखरामच्या बापाचं. ते घेतलं तशी म्हाताऱ्यानं मूठ सैल सोडली. श्यामरावांनी काठी वर केली मात्र, वीस हात एकदम पुढे आले. उचलली, गाडीत घातली, मेटॅडोर सुसाट निघाली. बघा, किती सोपं होतं. किती चटकन झालं.

हॉस्पिटलच्या दारात तरुण डॉक्टरनं तिला आत घेतलं, नळी घातली, सुया टोचल्या, छाती दाबली, घामाघूम झाला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, “साँप ने कब काटा था?”

“साडेनौ, पौनेदस,” श्यामराव म्हणाले.

“बस आधा घंटा पहले ले आते,” डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

टाइम ऑफिसच्या माणसाला वजाबाकी शिकवावी लागत नाही. सात मिनिटं ती, पाच भांडणाची, चाळीस ही. श्यामराव व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. हात मांड्यांवर उताणे पडले होते, त्यांचं काय करावं हे त्यांना कळेना.

थोड्या वेळानं गुलाब येऊन शेजारी बसला. डोळे लाल झाले होते, पण रडत नव्हता.

“गुलाब,” श्यामराव म्हणाले, “मी मारलं तिला. ऐक माझं. मी खरं सांगून राहिलो. नऊ नावांत ती वाचली असती. बाकीची नावं माझी हौस होती. मला मार तू, पोलिसात दे, पण एकदा म्हण, की हो, तुम्ही मारलं.”

गुलाबनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. त्याला ह्या म्हाताऱ्या माणसाची दया येत होती.

“असं नका म्हणू काका. तिची वेळ भरली होती, त्याले कोण काय करल? तुमी तर आपल्या घरचं असल्यावानी केलं. मी मोजत होतो ना. बोटावर मोजत होतो. चौतीसचे चौतीस घेतले तुमी, तिच्यासाठी एकही नाही सोडलं.”

श्यामरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. गुलाबला वाटलं त्यांना उमाळा आला, म्हणून तो जवळ सरकला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसला.